मधली खोली गोठा होती का? कसबा पेठेतल्या एका वाड्याच्या जमिनीची तपासणी

कसबा पेठेत नदीच्या बाजूला उतरत जाणाऱ्या एका बोळातला दोनचौकी वाडा पुनर्विकासासाठी पाडायचा होता. पाडण्याआधी त्याचं नीट मोजमाप व्हावं, कुठली खोली कशासाठी होती हे नकाशावर लिहून ठेवावं, असं घरच्यांनी ठरवलं आणि हे काम एका तरुण वास्तुविशारद बाईंकडे सोपवलं. दिंडी, पुढचा चौक, सोपा, माजघर, देवघर, वरची दिवाणखान्याची खोली हे सगळं जागेवर पटकन ओळखू येत होतं. अडलं ते मागच्या चौकाच्या उत्तरेला एका ओळीत असलेल्या तीन खोल्यांवर. त्यांत गेली कित्येक वर्षं अडगळ होती, मूळ लाकूडकाम बदललेलं होतं आणि जमिनीवर शहाबादी फरशी होती.

बाईंनी कच्च्या नकाशात मधल्या खोलीवर ‘गोठा’ असं लिहिलं होतं. कारण पटण्याजोगं होतं: भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर आरपार भोक असलेला दगड होता, दावं बांधायला असतो तसा. घरातल्या काकांचं म्हणणं वेगळं. त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं की मागे पागा होती, घरात दोन घोडी होती. नव्वदीला टेकलेल्या आजींना दोन्ही मान्य नव्हतं. “मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं तांदळाच्या कणग्या होत्या. गाय पश्चिमेच्या खोलीत असायची म्हणत, पण मी तीही पाहिली नाही. मधल्या खोलीत जनावर कोण बांधेल? शेजारी चूल होती.”

आजींची आठवण स्वातंत्र्यानंतरच्या काळापर्यंत मागे जाते. घरच्या जुन्या कागदांवरून वाडा एकोणिसाव्या शतकातला. मधल्या काळाचं सांगणारं कुणी उरलेलं नाही. बाई आमच्याकडे आल्या त्या हा प्रश्न घेऊन: “सर, फरशीखाली जुनी जमीन तशीच आहे. ती तपासून काही कळेल का?”

मी माती परीक्षणाच्या कामात आहे. माझ्यापुढे रोज शेतकऱ्यांचे नमुने येतात; ऊस, कांदा, द्राक्ष यांसाठी सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) काढायचे. मात्र त्याच चाचण्यांमधून माणसाच्या जुन्या वावराचा माग काढता येतो, हे या विषयातल्या लोकांना जवळपास शंभर वर्षांपासून ठाऊक आहे आणि त्याची सुरुवातही शेतीतूनच झाली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ओलोफ अर्‍हेनियस हा शास्त्रज्ञ दक्षिण स्वीडनमध्ये साखरेच्या बिटासाठी जमिनी तपासत होता. काही जागी स्फुरद अवाजवी जास्त येत होतं आणि त्या जागा जुन्या वस्त्यांशी जुळत होत्या. तिथून पुढे जमिनीतल्या फॉस्फेटवरून वस्ती शोधायची पद्धत रूढ झाली.

स्फुरद का टिकतं

माणूस जिथे राहतो तिथे बाहेरून अन्न, सरपण, वैरण आणतो. ते खाल्लं जातं, जळतं, सांडतं, कुजतं, आणि त्यातलं बरंचसं तिथेच जमिनीत जातं. हाडं, शेण, विष्ठा, राख, खरकटं या सगळ्यांत स्फुरद असतं. नत्रही (नायट्रोजन) असतं, पण ते पाण्याबरोबर वाहून जातं किंवा हवेत उडून जातं. स्फुरदाचं तसं नाही. आम्लधर्मी जमिनीत ते लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटतं, आपल्याकडच्या चुनखडीयुक्त जमिनीत कॅल्शियमला. एकदा चिकटलं की शेकडो, कधी हजारो वर्षं ते फारसं हलत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हीच तक्रार असते, की टाकलेलं स्फुरद जमिनीत अडकून बसतं आणि पिकाला मिळत नाही. जुनी वस्ती शोधणाऱ्याला नेमका त्याचाच उपयोग होतो.

आपल्या गावांना हे अनुभवानं माहीत होतं. जुन्या ओसाड गावठाणाची, पांढरीची माती बैलगाड्या भरून शेतात नेऊन टाकायची रीत महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी होती. ती माती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, हाडं आणि पडक्या भिंती. तिच्यात खत असतं हे कुणी प्रयोगशाळेत तपासून ठरवलेलं नव्हतं. या रिवाजापायी कितीतरी पांढरी सपाट झाल्या, याचं मला मनापासून दुःख होतं. पण रिवाजामागचं निरीक्षण अगदी बरोबर होतं.

पुणे जिल्ह्यात या विषयाचा विचार इनामगावला वगळून करता येत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेलं हे ताम्रपाषाणयुगीन गाव डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात खणलं. ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर यांची नावं या उत्खननाशी कायमची जोडली गेली आहेत. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यांत मूल. रसायनाच्या अंगानं पाहिलं तर याचा अर्थ सरळ आहे: घराच्या जमिनीखाली एखाद्या जागी स्फुरद आणि कॅल्शियम एकदम चढलेलं दिसलं, तर ते खरकटं असेल, शेण असेल, किंवा हाड असेल. स्फुरदाचा आकडा त्यातलं काय ते सांगत नाही. आकड्याला अर्थ येतो तो जागेवरून, तो जमिनीत किती खोल मिळाला त्यावरून आणि सोबतच्या इतर मूलद्रव्यांवरून.

आपल्याकडची खरी अडचण: सारवण

परदेशी पद्धतीनं विचार केला तर काम सोपं वाटतं. तिन्ही खोल्यांच्या जमिनीतून ठरावीक अंतरावर नमुने घ्यायचे, स्फुरद काढायचं आणि जिथे सर्वांत जास्त तिथे जनावरं. उत्तर युरोपातल्या लोहयुगीन लांबट घरांत एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं असत. तिथे ही पद्धत चांगली लागू पडते.

आपल्या घराची जमीन शेणानं सारवलेली असते. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, कोठीची खोली, अंगण, सगळीकडे शेण. सणावाराला तर हमखास, एरवीही चार-आठ दिवसांनी. कणगी आतूनबाहेरून शेणानं लिंपलेली. भिंतींचा गिलावा शेणमातीचा. अशा घरात स्फुरदाचा आकडा सगळीकडे चढा येणारच, आणि गोठ्याचा आकडा चढा येणार तोही शेणामुळेच. दोन्हीचं मूळ एकच असताना ते वेगळे ओळखायचे कसे?

महागड्या चाचण्यांनीही ही अडचण सुटत नाही. विष्ठेतल्या स्टेरॉल जातीच्या पदार्थांवरून माणूस आणि रवंथ करणारं जनावर वेगळं ओळखता येतं. माणसाच्या आतड्यात मुख्यतः कोप्रोस्टॅनॉल तयार होतं, गाई-म्हशींच्या शेणात वनस्पतींपासून झालेलं पाच-बीटा-स्टिगमास्टॅनॉल जास्त असतं. पद्धत उत्तम आहे. पण सारवलेल्या देवघरातही तेच गाईचं स्टिगमास्टॅनॉल मिळणार. गाय घरात होती की फक्त तिचं शेण घरात आलं, हे त्यावरून ठरत नाही.

म्हणून आम्ही बाईंना पहिल्याच भेटीत सांगितलं की आडवे नमुने पुरणार नाहीत, उभे लागतील. खोलीभर एकाच पातळीवरून माती गोळा करण्याऐवजी मोजक्याच जागी वरपासून खालपर्यंत थराथरानं घ्यायची. सारवण म्हणजे पातळ लेप. त्यातलं शेण पाण्यात कालवलेलं असतं, वाळलं की तिथेच राहतं. कितीही वर्षं सारवलं तरी स्फुरदाचा साठा त्या लेपांतच राहायला हवा आणि खालच्या कोऱ्या मुरुमात आकडा झटकन खाली यायला हवा. गोठ्यात मात्र जमीन महिनोन्‌महिने ओली असते, मूत झिरपत राहतं, खुरांनी शेण जमिनीत तुडवलं जातं. तिथे आकडा सावकाश उतरत खोलवर जायला हवा.

यात आणखी एक बारकावा आहे. गाई-बैलांच्या शरीरातून स्फुरद बाहेर पडतं ते जवळपास सगळं शेणातून. त्यांच्या मुतात ते फार थोडं असतं. मुतात भरपूर असतं ते पालाश आणि नत्र. त्यामुळे गोठ्याच्या जमिनीत खोलवर स्फुरदापेक्षाही पालाश अधिक बोलकं ठरतं, आणि ते नालीच्या दिशेनं वाढत जायला हवं.

नमुने

फरशी उचलल्यावर पहिली चांगली गोष्ट दिसली ती गाळाची. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. या वाड्याच्या मागच्या चौकातही पाणी भरलं होतं. नंतर साफसफाई करून घरच्यांनी मागच्या खोल्यांत फरशी बसवून घेतली. साफ करताना बराच गाळ निघाला असणार, पण खोलगट भागांत तो बोटभर तसाच राहिला होता: करडा, बारीक, हातात मैद्यासारखा लागणारा, खालच्या लालसर जमिनीपासून सहज सुटणारा. याचा आम्हाला मोठा उपयोग झाला. गाळाखाली जे काही आहे ते त्या तारखेच्या आधीचं, एवढं तरी कुठल्याही चाचणीशिवाय ठरून गेलं.

गाळ ब्रशनं काढल्यावर मधल्या खोलीतली जुनी जमीन उघडी पडली. तिचा एक तुकडा कडेनं कापून उन्हात धरला तर पोळीच्या पदरांसारखे पातळ पापुद्रे एकावर एक दिसत होते, एक पिवळसर मातीचा, एक काळपट शेणाचा, पुन्हा मातीचा. काही पापुद्र्यांत वैरणीचे तूस नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. राजस्थानात उदयपूरजवळच्या बालाथल गावात निकोल बॉयव्हिन यांनी सारवलेल्या घरांच्या जमिनी सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासल्या होत्या. घराच्या जमिनीवर सणांचा आणि घरातल्या शुभकार्यांचा क्रम कसा थरांत उमटतो, हे त्यांनी दाखवलं. आमच्याकडे तेवढी साधनं नव्हती. पण इथे दिवाळी-पाडव्याचे आणि लग्नकार्यांचे लेप एकावर एक साठले आहेत, हे हातात धरलेल्या तुकड्यावरून मला पटलं.

प्रत्येक खोलीत भिंतीलगत, मध्यभागी आणि दाराशी अशा जागा निवडल्या, पश्चिमेच्या खोलीत भिंतीतल्या नालीच्या तोंडाशी आणखी एक. स्टेनलेस स्टीलच्या चमच्यानं खरवडून लेप वेगळे, त्याखालची ठोकलेली माती वेगळी आणि तिच्याखालचा मुरूम वेगळा घेतला. जस्ताचा मुलामा दिलेली थापी किंवा घमेलं वापरायचं नाही, हे मुद्दाम सांगून ठेवलं होतं, नाहीतर जस्ताचा आकडा फुकट जातो. नमुने सावलीत वाळवले आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढले.

तुलनेसाठी आणखी दोन प्रकारचे नमुने लागतात आणि त्यांच्याशिवाय अशा कामाला अर्थ नाही. एक, याच वाड्याच्या जोत्याच्या दगडांखालचा मुरूम, जिथे कुणाचाच वावर नव्हता. दुसरा, जिथे वापर डोळ्यांसमोर आहे अशा घराचा. भोर तालुक्यात आमच्या ओळखीच्या एका घरात स्वयंपाकघर अजून सारवतात आणि पडवीला लागून गोठा आहे. तिथल्या मावशींनी दोन्ही जागी थोडी जमीन उकरू दिली आणि लगेच लिंपूनही टाकली. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाचे नमुने तेच.

जागेवरची चाचणी

पहिल्या फेरीत जागेवरच करता येते ती गाळणी-कागदाची चाचणी घेतली. चिमूटभर माती कागदावर ठेवायची, तिच्यावर आम्लातलं अमोनियम मॉलिब्डेट थेंबभर टाकायचं, अर्ध्या मिनिटानं ॲस्कॉर्बिक आम्लाचा, म्हणजे क जीवनसत्त्वाचा थेंब टाकायचा. स्फुरद असेल तर मातीभोवती निळं कडं उमटतं. कडं जितकं गडद आणि रुंद तितकं स्फुरद जास्त. दख्खनच्या मातीत चुनखडी असेल तर आम्ल पडताच ती फसफसते, आम्ल तिथेच खर्च होतं आणि निळा रंग फिका पडतो. तेव्हा आम्ल थोडं जास्त घ्यावं लागतं.

तिन्ही खोल्यांच्या वरच्या थरांनी कागद गडद निळा केला. मधल्या खोलीचे लेप तर सर्वांत गडद. एवढ्यावरच थांबलो असतो तर कच्च्या नकाशातल्या ‘गोठा’ या शब्दावर शिक्का बसला असता. बाई हरखल्या. पण मुरुमाच्या नमुन्यांवर थेंब टाकले तेव्हा चित्र बदललं. मधल्या खोलीच्या लेपाखालच्या मातीनं फिकं कडं दिलं, त्याखालच्या मुरुमानं जवळपास काहीच नाही, जोत्याखालच्या कोऱ्या मुरुमाइतकंच. पश्चिमेच्या खोलीत मात्र मुरूमही निळा होत होता.

प्रयोगशाळेतले आकडे काय म्हणाले

पुढची तपासणी नेहमीच्याच पद्धतीनं केली. आपली जमीन विम्लधर्मी असल्यानं स्फुरद ऑल्सन पद्धतीनं काढलं, म्हणजे सामू ८.५ असलेल्या ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेटमध्ये अर्धा तास हलवून. पालाश आणि सोडियम फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीच्या रंगावरून मोजणारं यंत्र), तांबं आणि जस्त डीटीपीए या धातू सोडवून घेणाऱ्या सौम्य द्रावणातून. मृदा आरोग्य पत्रिकेत शेतकऱ्याला जे १२ गुणधर्म कळवतात, त्यांतच स्फुरद, पालाश, सामू, क्षारता, तांबं आणि जस्त येतात. म्हणजे वाड्याच्या जमिनीला विचारायचे निम्मे प्रश्न जिल्ह्यातली कुठलीही माती प्रयोगशाळा आजही विचारू शकते. हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम टाळली. माती कडक आम्लात पूर्ण विरघळवून एकूण मूलद्रव्यं मोजायचा मोह होतो, कारण आकडे भरघोस येतात. पण आपली माती आणि मुरूम बेसॉल्टपासून झालेले. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, टायटॅनियम तर आहेच, तांबंही इतर खडकांच्या मानानं बरंच असतं. सगळं विरघळवलं की माणसाची भर त्या खडकाच्या आकड्यात बुडून जाते. सौम्य द्रावणात सुटतं ते बहुतांशी कणांवर नंतर येऊन बसलेलं. जळालेल्या मातीची चुंबकीय चाचणीही याच कारणानं इथे फारशी कामाची नाही. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असल्यानं न जळालेली मातीसुद्धा चुंबकाला चांगला प्रतिसाद देते.

मधली खोली: लेपांत स्फुरद भरपूर, खाली एकदम उतार. पालाशही तसंच. दारापासून भिंतीपर्यंत फरक जवळजवळ नाही. भोरच्या घरातल्या सारवलेल्या स्वयंपाकघराचा चुलीपासून दूरचा भाग आणि ही खोली यांचे उतार शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते ओळखू येऊ नये, इतके सारखे.

पूर्वेची खोली: ईशान्य बाजूच्या भिंतीलगत सामू चढा, कॅल्शियम आणि पालाश दोन्ही जास्त, लेपांखाली विटेसारखी लाल झालेली माती आणि कोळशाचे कण. लाकडाच्या राखेत कॅल्शियम आणि पालाश मुख्य, गोवरीच्या राखेत त्याबरोबर सिलिका आणि स्फुरदही. चूल इथे होती, यात शंका उरली नाही. तिथून चार हातांवर, जिथे मोरी असावी असं बाईंना फरशीच्या उतारावरून वाटत होतं, तिथे तांबं आणि जस्त वाढलेलं होतं. तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि राख लावून घासायची ती अशाच जागी. चिंचेतलं आम्ल भांड्यावरचं तांबं सोडवतं आणि घासलेलं पाणी मोरीतून जमिनीत मुरतं.

जस्ताचा पुरावा आम्ही धरला नाही. मागच्या बाजूला पूर्वी पत्र्याचं छप्पर होतं आणि गळणाऱ्या पत्र्यातून जस्त उतरतं. तांब्याला मात्र घरात दुसरा उगम दिसत नव्हता. तेवढ्यावरही समाधान न झाल्यानं मोरीचे नमुने कथलासाठी दुसऱ्या संस्थेत आयसीपी यंत्रावर (अगदी थोडी मूलद्रव्यंही मोजणाऱ्या) पाठवले. कथील बेसॉल्टमध्ये अगदी नगण्य असतं आणि घरात ते येतं कल्हईतून. मोरीच्या मातीत कथील जोत्याखालच्या मुरुमापेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं, मधल्या आणि पश्चिमेच्या खोलीत नाही. पितळेच्या पातेल्याची कल्हई घासून घासून झिजते हे प्रत्येक घरानं पाहिलेलं आहे; ती जाते कुठे, ते इथे कागदावर आलं.

पश्चिमेची खोली: स्फुरद खोलवर, उतार सावकाश. पालाश त्याहून ठळक, आणि नालीच्या तोंडाकडे वाढत गेलेलं. भिंतीच्या पायथ्याला लोणा लागलेला होता, त्यात नायट्रेटही सापडलं. लेपांचे पापुद्रे इथे जवळपास नव्हतेच, नुसती तुडवून घट्ट झालेली काळपट माती. भोरच्या गोठ्याशी हे जुळत होतं.

एक शंका, जी आधी फेडावी लागली

पश्चिमेच्या खोलीबद्दल घरातल्या सूनबाईंनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. फरशी बसल्यावर कित्येक वर्षं तिथे धुणं होत असे. कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये तेव्हा फॉस्फेट सर्रास असायचं. फरशीच्या सांध्यांतून साबणाचं पाणी झिरपत राहिलं असेल तर खाली मुरुमात स्फुरद मिळणारच, तेही नालीकडे वाढत जाणारं. म्हणजे आमचा सगळा पुरावा धुण्याच्या दगडापाशी अडकला असता.

इथे सोडियम उपयोगी पडलं. धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट आणि सोडा दोन्ही सोडियमचे क्षार असतात. पावडरीचं पाणी जमिनीत गेलं तर सोडियम चढतं, पालाश चढत नाही. जनावराच्या मुतात याउलट पालाशाचं प्रमाण मोठं असतं. नमुन्यांत फरशीला लागून असलेल्या वरच्या भागात सोडियम खरोखरच वाढलेलं होतं, म्हणजे सूनबाईंचं धुणं तिथे नोंदलेलं होतंच. पण गाळ जिथे शाबूत होता त्या भागात, गाळाखालच्या मातीत सोडियम साधारण, आणि स्फुरद व पालाश दोन्ही चढलेलं. तिथला साठा धुण्याच्या आधीचा, पुराच्याही आधीचा. पुरानं आणलेला तो बोटभर चिकणगाळ पाण्याला अडवून बसला होता, त्यामुळेच हे दोन काळ वेगळे काढता आले.

भोक पाडलेल्या दगडाचं काय

मधल्या खोलीतल्या त्या दगडामुळे सगळी गुंतागुंत झाली होती, म्हणून बाईंनी भिंतीचा तेवढा भाग पुन्हा बारकाईनं पाहिला. दगड भिंतीच्या मूळ बांधकामात नव्हता. त्याच्याभोवतीची दरज वेगळ्या चुन्याची होती, आणि भोकाच्या कडा दोराच्या घर्षणानं गुळगुळीत झाल्या होत्या त्या नेमक्या भिंतीत गाडलेल्या बाजूनं. दगड दुसरीकडून काढून दुरुस्तीत वापरलेला. पश्चिमेच्या खोलीच्या भिंतीत, त्याच उंचीवर, तेवढ्याच मापाची बुजवलेली जागाही सापडली.

राहिली काकांची पागा. आम्ही केलेल्या चाचण्यांवरून घोडा की गाय हे सांगता येत नाही. दोन्ही जनावरं वनस्पती खाणारी, दोघांचंही स्फुरद शेणा-लिदीतून, पालाश मुतातून. काकांना हे सांगितलं तेव्हा ते थोडे नाराज झाले, पण त्यांनी एक चांगला मुद्दा काढला: पश्चिमेच्या खोलीचं दार घोडा आत नेण्याइतकं उंच नव्हतं. चौकट नंतर बदललेली असू शकते, त्यामुळे हाही निर्णायक पुरावा नाही. नकाशावर आम्ही ‘जनावरांची खोली’ एवढंच सुचवलं.

मधल्या खोलीच्या आग्नेय कोपऱ्यात एक जागा मात्र बाकी सगळ्यांपेक्षा वेगळी निघाली. हातभर रुंदीच्या टापूत स्फुरद आणि कॅल्शियम दोन्ही खोलवर चढलेलं, पालाश साधारण. आजूबाजूचे लेप त्या जागेवरून अखंड गेलेले, म्हणजे जे काही आहे ते लेपांच्या आधीचं. पालाश चढलेलं नसल्यानं मूत किंवा राख नाही. स्फुरद आणि कॅल्शियम जोडीनं येतं तेव्हा पहिला संशय हाडाचा येतो. बाळंतपणानंतर वार (नाळेबरोबर पडणारी) घरात पुरण्याची रीत होती, पाळीव प्राणी पुरत, वास्तुशांतीच्या वेळी काही वस्तूही पुरल्या जात. पण हाडाचा तुकडा हाती येईपर्यंत यातल्या कशाचंही नाव मी घेणार नाही. तिथली माती वेगळ्या पिशवीत, किती खोलवरची ते लिहून, वाळवून ठेवली आहे. दोन मिलिमीटरच्या चाळणीवर उरलेला तिचा जाडसर भागही जपला आहे, कारण हाडाचे बारीक तुकडे असतील तर ते त्यातच असतील.

अंतिम नकाशात पूर्वेची खोली ‘स्वयंपाकघर, चूल ईशान्येला, मोरी आग्नेयेला’, मधली ‘कोठी, सारवलेली जमीन’, पश्चिमेची ‘जनावरांची खोली, १९६१ नंतर धुण्याची जागा’ अशी नोंद झाली. भोक असलेला दगड त्याच्या मूळ जागी तुटक रेषेनं दाखवला. आग्नेय कोपऱ्यावर एक छोटं वर्तुळ काढून ‘लेपांपूर्वीचा खड्डा, तपास बाकी’ असं लिहिलं. आजींना नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी मधल्या खोलीवर बोट ठेवून विचारलं, “कणग्या किती ते नाही काढलं?” बाईंनी त्यांच्याकडून कणग्यांच्या जागा विचारून घेतल्या आणि त्याही नकाशात भरल्या, ‘आठवणीवरून’ अशी टीप देऊन.